टोपीवालीची कादंबरी

हर्मिना लुस्टिगनं आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं आणि त्या पुस्तकानं तिचं वाटोळं केलं, असं आमच्या गल्लीत कुणी म्हणालं की मी अजूनही भांडायला उठते. मी तिच्या दुकानात वर्षानुवर्षं टोप्या शिवल्यात. कुणाचं वाटोळं कुणी केलं, ते मला दुसऱ्यानं सांगायला नको.

दुकान बुडापेस्टातल्या क्लाउझाल चौकामागं, एका बेकरीला लागून होतं. हर्मिनाला आम्ही काकू म्हणायचो. ती ठेंगणी, डोळ्यांवर जाड भिंगं, आणि तोंडात कायम टाचण्या. त्या टाचण्यांतूनच ती बोलायची आणि तिचं बोलणं टाचण्यांसारखंच टोचायचं. एखादी बाई आरशासमोर टोपी घालून लाजत वळली, की काकू म्हणायची, "नाही शोभत. तुमचा चेहरा भोपळ्याएवढा, टोपी लिंबाएवढी. काढा ती." मी मागं कपाळावर हात मारून घ्यायची. बाई तणतणत निघून जायची आणि आठवड्यानं परत यायची, कारण बाकीची दुकानं गोड बोलून काहीही गळ्यात मारत. काकूचा नवरा पहिल्या महायुद्धात गेलेला, मूलबाळ नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती जाडजाड कादंबऱ्या वाचायची आणि पुस्तकातल्या माणसांशी मोठ्यानं भांडायची.

अडतीस साली धंदा पार बसला. ज्यू माणसाच्या दुकानाची पायरी चढायला गिऱ्हाईक बिचकू लागलं होतं. अशात एके सकाळी लोरांद केलेमेन आला. पलीकडच्या इमारतीत त्याची आई तेरेझ जिने झाडायची, फाटकाची किल्ली सांभाळायची. शनिवारी, साबाथला, आम्ही ज्यू विस्तवाला हात लावत नाही, तेव्हा आमच्या शेगड्या पेटवायला तीच यायची. लोरांद आमच्या डोळ्यांदेखत मोठा झालेला. आता अंगात फॅसिस्ट पक्षाचा हिरवा सदरा, दंडावर पट्टी.

"हाताचं चुंबन घेतो, काकू," म्हणत तो खरंच वाकला. "आमच्या पोरांसाठी टोप्या हव्यात. हिरव्या, हनुवटीखाली पट्टा असलेल्या. तुमच्यासारखं काम शहरात कुणाचं नाही."

काकूनं त्याच्या डोक्याभोवती फीत गुंडाळली. "ह्या टोप्या घालून तुम्ही आम्हाला देशाबाहेर घालवायच्या घोषणा देणार."

"छे, छे. तुम्हाला कोण घालवतंय? तुम्ही आमच्याच. आम्ही बोलतो ते त्या दुसऱ्या ज्यूंबद्दल."

"ते दुसरे राहतात कुठं?"

"असतात की. बँकांत, वर्तमानपत्रांत."

"ह्या गल्लीत?"

"नाही हो, काकू. गल्लीत आपली माणसं."

"डोकं हलवू नकोस," काकू म्हणाली. "छप्पन्न."

तिनं काम घेतलं. दुकानात आम्ही दोन पोरी पगारावर होतो, भाडं थकलं होतं. काम पसंत पडलं, आणखी काम आलं. मापं द्यायला येणारी पोरं पाय पुसून आत यायची, दार हळू लावायची, आणि टोपी बसते का बघत बघत एकमेकांना आपली मतं पाठ करून दाखवायची. रक्त शुद्ध हवं, भूमी आपली हवी, वगैरे. काकू ऐकत राहायची. मला वाटायचं ती कंटाळलीय. पुढं पुस्तक वाचलं तेव्हा कळलं, बाईनं एकही वाक्य खाली पडू दिलं नव्हतं.

त्याच वर्षी शरद ऋतूत एका शुक्रवारी दुपारी मी बेकरीत गेले होते. घरोघरच्या बायका शनिवारच्या शोलेतची, रात्रभर शिजणाऱ्या घेवड्याच्या कालवणाची, मडकी भट्टीत ठेवायला येतात, तशी मीही आमचं मडकं घेऊन रांगेत उभी होते. परत आले तर गल्लीत गर्दी. छत्र्या दुरुस्त करणारे श्पित्झर आजोबा फुटपाथच्या कडेला पडलेले, त्यांच्या छत्र्यांच्या काड्या सगळीकडे विखुरलेल्या. दोन दिवसांनी आजोबा गेले. पोलिसांनी लिहिलं, पाय घसरला. कुणी काही पाहिलं नव्हतं. त्या वेळी सगळा रस्ता मडकी घेऊन बेकरीत होता.

काकू दुकानात होती. तिनं काचेतून सगळं पाहिलं. लोरांदनं म्हाताऱ्याला गचांडी धरून भिंतीवर आपटलं. पडता पडता म्हाताऱ्यानं त्याच्या टोपीचा पट्टा पकडला, तो तुटला, आणि मग लाथा. काकूनं दार उघडलं नाही. सोमवारी लोरांद टोपी घेऊन आला. "काकू, शिलाई उसवली बघा." काकूनं पट्टा शिवून दिला.

हे तिनं तेव्हा मला सांगितलं नाही. ती गेली आमच्या देवळातल्या, सिनेगॉगमधल्या, वडीलधाऱ्यांकडे. काय बोलणं झालं ते मला पुढं समजलं. ते म्हणाले, "हर्मिना, झाकली मूठ सव्वा लाखाची. हे बाहेर फुटलं तर ते गल्ली पेटवतील. आणि तुझ्या टोप्यांचा विषय निघेल तो वेगळाच." ती घरी आली आणि लिहायला बसली. दिवसा टोप्या, संध्याकाळी पानं. लिहिताना तोंडातल्या टाचण्याही काढायची विसरायची. बेचाळीस साली तिनं आपली शिवणयंत्रं विकून कादंबरी छापली, 'हिरवी फीत' नावाची, तीनशे प्रती. गावाचं नाव नाही, टोपीवालीचं नाव रोझालिया, लोरांदचं नाव वेगळं. त्या दिवसांत सरकारचंही हिरव्या सदऱ्यांशी वाकडं होतं, म्हणून सेन्सॉरनं फारशी कात्री लावली नसावी.

पुस्तकात काय नव्हतं? फीत गुंडाळलेली डोकी, "तुम्ही आमच्याच" म्हणणारी जीभ, काचेमागं उभी राहिलेली रोझालिया. शिव्या नव्हत्या. रोझालियाला त्या पोरांची कणवसुद्धा येते, त्यांच्या अदबीवर ती खूश होते, आणि वाचताना आपणही त्या अदबीला भुलतो. म्हणूनच ते पुस्तक वाचवत नाही. मी दोनदा अर्ध्यात मिटलं. पुढं हिरव्यांबद्दल शहाण्या माणसांनी खूप लिहिलं, पण हे विष घरात कसं शिरतं ते मला ह्या टोपीवालीइतकं कुणी दाखवलं नाही.

गल्ली मात्र खवळली. आमची पोरं सक्तमजुरीच्या तुकड्यांत रशियाच्या बर्फात मरतायत आणि ही बाई आपल्याच अंगावर चिखल उडवते, म्हणून बायका दुकानासमोरून जाताना पलीकडं बघत. बेकरीवाला तर तोंडावर म्हणाला, "कादंबरीच लिहायची होती तर एखादी प्रेमाची लिहायची. खपली तरी असती."

"ती तूच लिही," काकू म्हणाली. "तुझं लग्न बघून मला त्यातलं काही सुचत नाही."

मग चव्वेचाळीसचा हिवाळा आला. हिरव्यांच्या हाती शहर गेलं, आमच्या छातीवर ज्यूंचे पिवळे तारे होतेच. त्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही. एवढंच सांगते, की आम्हाला रांगेत उभं करून गोळ्या घालायला नदीकडं नेत असताना तेरेझ केलेमेननं काकूला आणि मला अंधाऱ्या फाटकात ओढलं आणि तळघरात कोळशाच्या ढिगामागं लपवलं. रशियन येईपर्यंत आम्ही तिथं होतो. वरच्या खोलीत लोरांद येऊन सूप प्यायचा, त्याचे बूट आमच्या डोक्यावर वाजायचे. तो गेला की उरलेलं सूप तेरेझ खाली आणायची. पोराचं नाव तिनं आमच्यासमोर कधी काढलं नाही, आणि आम्हीही नाही.

लढाई संपली. पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात दुकान पुन्हा उघडायचं तर चौकशी समितीचा दाखला हवा, की ह्या माणसाचा फॅसिस्टांशी संबंध नव्हता. आम्हाला वाटलं, ज्यू बाई, कोळशाच्या ढिगातून निघालेली, हिला कोण विचारतो? पण समितीत रेवेस नावाचा एक तरुण होता, वाचनाचा भारी नाद. त्याच्या हाती 'हिरवी फीत' लागली. काकूला बोलावणं आलं: आपण हिरव्या सदऱ्यांना गणवेश पुरवल्याचं आपल्याच पुस्तकात दिसतं, खुलासा करा.

त्याच दिवसांत लोरांदही पकडला गेला होता. श्पित्झर आजोबांच्या मरणाचा खटला त्याच्यावर चालायचा होता आणि साक्षीदार एकही नव्हता. होतं ते पुस्तक.

आमचे वकील हेर्झोग, दिवस वाईट होते तरी गळपट्टा इस्त्रीचा, दुकानात येऊन बसले. "हर्मिनाबाई, प्रश्न सोपा आहे. तुम्ही म्हणायचं, ही कादंबरी आहे. रोझालिया म्हणजे कल्पना. टोप्या कल्पना. तुमचा दाखला मिळाला."

"आणि श्पित्झर?"

"तेही मग कल्पनाच. अर्धं पुस्तक खरं आणि अर्धं खोटं असं समितीला सांगता येत नाही. रोझालियाला सोडवायचं तर तो पोरगाही सुटतो. त्याला अडकवायचं तर तुम्हीही अडकता."

"म्हणजे दोघं एकाच दोरीला बांधलोय."

"पुस्तक तुम्हीच लिहिलंत," वकील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेरेझ आली. हातात रुमालात बांधलेली खसखशीची दोन बिस्किटं, त्या उपासमारीत कुठून पैदा केली देव जाणे. काऊंटरवर ठेवली आणि उभीच राहिली.

"हर्मिना, मी तुला कधी विचारलं, माझ्या पोराबद्दल काय लिहिलंस म्हणून?"

"नाही विचारलंस."

"कोळशातून तू बाहेर आलीस तेव्हा काही मागितलं?"

"नाही."

"आता मागते. कादंबरी आहे म्हण. एक शब्द. तुझंही भलं, त्याचंही. श्पित्झर काही उठून येणार नाही."

मला वाटलं, आता ही हो म्हणेल. म्हणावं असंच मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू. तेरेझनं आमचा जीव वाचवला होता. काकूनं रुमालाची गाठ घट्ट केली आणि तो तिच्याकडं सरकवला.

"बिस्किटं घेऊन जा, तेरेझ," ती शेवटी म्हणाली. "ती खाल्ली तर मला बोलता येणार नाही."

समिती एका शाळेच्या वर्गात बसली होती. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन. अध्यक्ष छापखान्यातला कामगार होता, दमलेला, सरळ माणूस. तेरेझ मागच्या बाकावर डोक्याला काळा रुमाल बांधून बसली होती. वकिलांनी सुरुवात झकास केली: साहित्य म्हणजे काय, कल्पनेचा अधिकार काय. अध्यक्षांनी जांभई आवरली आणि विचारलं, "लुस्टिगबाई, थोडक्यात सांगा. हे घडलेलं आहे की रचलेलं?"

काकू उभी राहिली. "साहेब, आमच्यात एक रीत आहे. रेवेससाहेबांना ठाऊक असेल, त्यांचे आजोबा आमच्या देवळात प्रार्थना गात."

रेवेसचे कान लाल झाले. आजोबांचा विषय त्याला त्या खोलीत नको होता.

"जिवंत माणसाचा अपराध केला तर त्याच्याच दारात जाऊन क्षमा मागायची. तो मेला असेल तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीवर जायचं आणि सगळ्यांसमक्ष म्हणायचं, मी ह्या माणसाचं हे वाईट केलं. मी वडीलधाऱ्यांकडे दहा माणसं मागायला गेले. मला एकही मिळाला नाही. चूक त्यांची नव्हती, सगळे भ्यायलेले होते. मग मी तीनशे प्रती छापल्या. म्हटलं, तीनशेतले दहा तरी वाचतील."

वकील हेर्झोग आपले बूट बघत होते.

"आज मी हे रचलेलं म्हटलं तर मी क्षमा मागितलीच नाही असं होतं. तेव्हा लिहून घ्या. नावं खोटी आहेत. टोप्या खऱ्या आहेत, मारहाण खरी आहे, मारणारा लोरांद केलेमेन आहे, आणि काचेमागची बाई मी आहे." ती थांबली. भिंगं काढून पुसली, पुन्हा लावली. "एक गोष्ट मात्र मी रचली. पुस्तकात रोझालिया पट्टा शिवण्याचे पैसे घेत नाही. मी घेतले. तेवढं मला लिहवलं नाही."

हे मलाही माहीत नव्हतं. त्या क्षणी मला तिचा राग आला, कीव आली, आणि दोन्हीपेक्षा जास्त अभिमान वाटला. सगळं जग आपल्या पुस्तकातलं खरं ते खोटं म्हणायला सांगत असताना, ह्या बाईनं त्यातलं एकुलतं एक खोटं, तेही स्वतःच्या बाजूचं, उठून दुरुस्त केलं.

"आणखी लिहा," ती म्हणाली. "त्याच्या आईनं मला आणि ह्या मालचीला तळघरात लपवून वाचवलं. स्वतःच्या पोरापासून."

मागं बाक करकरलं. तेरेझ उठून निघून गेली.

दाखला नाकारला गेला. अध्यक्षांनी सही करताना मान वर केली नाही. काकूनं कोर्टातही तेच सांगितलं आणि लोरांदला आठ वर्षांची सक्तमजुरी झाली. दुकानावर माझ्या नावाची पाटी लागली, आणि काकू माझ्या दुकानात माझ्या पगारावर टोप्या शिवू लागली. गिऱ्हाइकाला भोपळा म्हणणं काही सुटलं नाही. "मालकीण मी आहे, जरा जपून," मी म्हणायची. "मग मालकिणीसारखी फीत लाव, तिरकी गेलीय," ती म्हणायची.

सप्टेंबरात, उपासाच्या मोठ्या दिवसाआधी, आम्ही दहा माणसं जमवली. वकील आले, बेकरीवाला कुबडीवर आला, दोघं तर तिनं कबूल केलेल्या वाटाण्याच्या सूपासाठी आले. ट्राम बंद, सगळे कोझ्मा रस्त्यावरच्या आमच्या कबरस्तानापर्यंत चालत. श्पित्झर आजोबांच्या कबरीपाशी तिनं जे बोलायचं ते बोलून टाकलं, मोठ्यानं, चुकलेल्या पोरीसारखं हात मागं बांधून. परतताना बेकरीवाला म्हणाला, "पुस्तकापेक्षा हे बरं. लवकर आटपलं." ती हसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसली.

मग उरली तेरेझ. तिचा अपराध काय केला, असं मी विचारलं. खरं बोललीस, त्यात कसली क्षमा?

"खरं बोलले, त्याबद्दल नाही मागत," काकू म्हणाली. "तिचं पोर तुरुंगात गेलं, त्याबद्दल मागते."

आमची रीत अशी, की जिवंत माणसाकडे तीनदा जायचं. तिन्ही वेळा त्यानं तोंड फिरवलं तर पुढं ओझं त्याचं, तुम्ही मोकळे. काकू पहिल्यांदा गेली तेव्हा दार उघडलं आणि तोंडावर आपटलं गेलं. दुसऱ्यांदा उघडलंच नाही. तिसऱ्यांदा मी सोबत होते. तेरेझनं फाटकाच्या पायऱ्या धुवायची बादली आमच्या पायांवर रिकामी केली. मी काकूला दंडाला धरून घरी आणलं, तिचे मोजे शेगडीवर वाळत घातले. म्हटलं, "झालं. तीन झाले. सुटलीस."

"नियमानं सुटले," ती म्हणाली, आणि टाचण्या तोंडात धरून कामाला लागली.

नोव्हेंबरात, नदीवरून बोचरा वारा सुटलेला, तिनं एका संध्याकाळी कोट घातला. कुठं निघालीस विचारेपर्यंत ती दाराबाहेर. मी मागोमाग गेले. तिनं तेरेझचं दार वाजवलं. मग दार एवढंसं किलकिलं झालं.

"बावीस वर्षं तुमच्या शेगड्या पेटवल्यात," आतून तेरेझ म्हणाली. "तुमचा नियम मला ठाऊक आहे. तीन वेळा झाल्या. तू मोकळी आहेस. आता चौथ्यांदा कशाला आलीस?"

साऱ्या गल्लीला टोचून बोलणारी ही बाई, नुसती उभी राहिली, नाक गळतंय, भिंगांवर धुकं.

तेरेझनं साखळी काढली.

"माफ नाही करणार," ती म्हणाली. "आत ये. बाहेर थंडी आहे."